दागिने धुवावेत, झिजवू नयेत!

दिवाळीच्या सुट्टीत होस्टेलवरून घरी गेलं की काही कामं आपल्या नावावर लिहिलेलीच असतात. माळ्यावरचे डबे काढणे, पंखे पुसणे आणि लक्ष्मीपूजनाच्या आधी आईने पुढे केलेले दागिने 'जरा उजळून' देणे! मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. मावशी म्हणते टूथपेस्ट लाव, आजी म्हणते रिठ्याचं पाणी कर, शेजारच्या काकू म्हणतात लिंबू आणि सोडा. गंमत म्हणजे यातला प्रत्येक उपाय कशावर तरी चालतो आणि दुसऱ्या कशाची तरी वाट लावतो!

प्रश्न फक्त चकाकीचा नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी घरातल्या पाटल्या बँकेत तारण गेल्या आहेत. तिथे पाटल्यांची नक्षी कोणी बघत नाही, तराजू बघतो. म्हणून दागिना स्वच्छ करताना आपली अट एकच : मळ जावा, माल जाऊ नये. त्यासाठी हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. दागिना कशाचा आहे? तो भरीव आहे की पोकळ, आणि कशात ओवला-बसवला आहे? आणि त्यावर साचलंय ते नक्की काय आहे?

सोनं मळतं का?

शुद्ध सोनं हवेने, पाण्याने, घामाने गंजत नाही. पण २४ कॅरेट सोनं इतकं मऊ असतं की त्याचा रोज वापरायचा दागिना टिकत नाही. म्हणून २२ कॅरेटमध्ये २४ पैकी २२ भाग सोनं आणि उरलेल्या २ भागांत मुख्यतः चांदी व तांबं असतं. हॉलमार्कमधला '९१६' हा आकडा म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. १८ कॅरेटसाठी हाच आकडा ७५० असतो. त्यातल्या तांब्या-चांदीमुळे दागिना थोडा काळवंडू शकतो, पण रोजच्या वापरातला दागिना निस्तेज दिसतो तो बहुतेक वेळा वर बसलेल्या थरामुळे. हा थर म्हणजे घामातलं तेल, पावडर, क्रीम, साबणाचा साका, हळद-कुंकू आणि धूळ. थर वरचा आहे, तर तो विरघळवून काढायचा. खरवडायचा कशाला?

इथेच टूथपेस्टचा घोटाळा आहे. मोह्ज स्केलवर दाताच्या इनॅमलची कठीणता सुमारे ५, तर सोन्याची जेमतेम २.५ ते ३. पेस्टमधले घासणारे कण दातासाठी ठरवलेले असतात, सोन्यासाठी नव्हे. धुळीत तर क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांची कठीणता ७! धूळ बसलेला दागिना कोरड्या फडक्याने घासणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच आहे.

आता एक गणित करू. समजा, बांगडीचा व्यास ६ सेंटिमीटर आणि रुंदी ५ मिलिमीटर आहे. बाहेरच्या बाजूचं क्षेत्रफळ सुमारे ९.४ चौरस सेंटिमीटर. घासून फक्त १ मायक्रॉनचा थर गेला, असं धरा. २२ कॅरेटची घनता सुमारे १७.७ धरली, तर एका बांगडीतून जवळपास १७ मिलिग्रॅम सोनं गेलं. चार बांगड्यांतून सुमारे ६७ मिलिग्रॅम. दर दिवाळीला असंच केलं, तर पंधरा वर्षांत एक ग्रॅम सोनं बेसिनमधून वाहून गेलं! सराफ पेठेतली धूळ आणि राख धुऊन त्यातून सोनं काढणारे झारेकरी उगाच पिढ्यान् पिढ्या पोट भरत नव्हते.

साधी, खात्रीची रीत

भरीव सोन्यासाठी हे पुरे होतं. वाडगाभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. दागिना पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे तेलकट थर सुटून पाण्यात येतो. हे काम वेळ करते, जोर नाही! नंतर लहान मुलांच्या मऊ ब्रशने नक्षीतल्या खाचा हलक्या हाताने साफ करा. दुसऱ्या वाडग्यात स्वच्छ पाणी घेऊन खळबळून काढा आणि जुन्या सुती कापडाने टिपून घ्या. पुसू नका, टिपा.

दोन सूचना. एक, हे सगळं वाडग्यातच करा. नळाखाली धुताना कुड्याची फिरकी निसटली, की बेसिनचा पाइप उघडायची पाळी येते. दोन, पाणी ओतून देण्याआधी गाळणीतून गाळा. सुटलेला खडा किंवा मणी तिथे सापडतो.

आजीचं रिठ्याचं पाणीही याच तत्त्वावर चालतं. रिठ्यात सॅपोनिन असतं, म्हणजे तो झाडावरचा साबणच. भरीव सोन्याला तो छान चालतो. मात्र रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून मोत्यांना नको.

ब्लीचिंग पावडर, क्लोरीनचं लिक्विड आणि स्विमिंग पूल यांपासून मात्र सोनं दूर ठेवा. क्लोरीन सोन्यातल्या इतर धातूंवर हल्ला करतो. कमी कॅरेटच्या दागिन्यात, विशेषतः खडा धरणाऱ्या बारीक नखांमध्ये, ताण आणि क्लोरीन एकत्र आले की तडे जातात. मटेरियल सायन्सच्या पेपरात ज्याला आपण 'स्ट्रेस करोजन क्रॅकिंग' म्हणून पाच मार्कांना लिहितो, तेच हे.

मुलामा दिलेल्या, म्हणजे 'एक ग्रॅम'वाल्या दागिन्यांवरचा सोन्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असू शकतो. वरचं गणित आठवा आणि ते नुसते ओल्या मऊ कापडाने पुसा.

पोकळ दागिने : आत काय आहे?

आपल्याकडच्या पारंपरिक दागिन्यांत ही मोठी मेख आहे. बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजाची पानं, काही मंगळसूत्रांच्या वाट्या वरून सोन्याच्या पातळ पत्र्याच्या असतात आणि आत लाख भरलेली असते. लाखेमुळे पत्रा चेपत नाही. पण उकळत्या पाण्यापर्यंत जायच्या बरंच आधी लाख मऊ पडते. असा दागिना गरम पाण्यात टाकला, की लाख भोकातून बाहेर येते, मणी हलका होतो आणि पुढे बोटाच्या दाबानेही चेपतो. साबणाचं पाणी आत शिरलं तर तेही लवकर वाळत नाही. त्यामुळे लाखेचा दागिना भिजवायचा नाही. ओलसर कापडाने एकेक मणी पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा.

मंगळसूत्रात आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे दोरा किंवा तार. काळे मणी काचेचे असतात, त्यांची कड दोऱ्याला सतत कापत असते. घाम आणि साबणाने दोरा कुजतो. दोरा लोंबू लागला किंवा तार एकाच जागी वाकू लागली, की तुटायची वाट न बघता पटवेकऱ्याकडून पुन्हा ओवून घ्यावं.

मोती, पोवळं आणि नथ

मोती हा दगड नाही. कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर आणि त्यांना बांधून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य, असा तो शिंपल्यातच घडतो. मोत्याची चमक म्हणजे या थरांतून परतणारा प्रकाश. कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, हा प्रयोग आपण शाळेत खडूवर केलेला आहे. म्हणून मोत्यांना लिंबू, चिंच, व्हिनेगर बिलकूल नको. घामाचाही त्रास होतोच. पोवळ्यालाही हाच नियम लागू.

नथ किंवा तन्मणी वापरून झाला, की स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने पुसून ठेवायचा, बस्स. मोत्याचा सर भिजवू नये, कारण ओला दोरा ताणला जातो. अत्तर, हेअर स्प्रे, क्रीम आधी आणि मोती सगळ्यात शेवटी. काढताना मात्र मोती सगळ्यात आधी. मोत्यात थोडं पाणी असतं, ते सुकलं तर तडे जाऊ शकतात. तेव्हा मोती हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडू नका, मऊ सुती कापडात ठेवा.

हिरा आणि इतर खडे

हिऱ्याची कठीणता १०, तरी अंगठीतला हिरा आठ-पंधरा दिवसांत मंद का दिसतो? कारण हिऱ्याला पाणी चिकटत नाही, पण तेल-ग्रीस पटकन चिकटतं. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच गुणाचा उपयोग केला गेला. खडीमिश्रित पाणी ग्रीस लावलेल्या टेबलावरून सोडायचं, खडी वाहून जायची आणि हिरे ग्रीसला चिकटून राहायचे! तर अंगठीवर साबणाच्या पाण्याची वरचीच रीत वापरा. ब्रश हिऱ्याच्या मागच्या बाजूने नक्की फिरवा, खरा थर तिथेच असतो. धुण्याआधी अंगठी कानाशी धरून हलवा. खुळखुळली तर आधी सराफाकडे.

पाचूचं तसं नाही. त्याच्यातल्या नैसर्गिक भेगा बऱ्याचदा तेलाने भरलेल्या असतात. गरम पाणी, साबण किंवा अल्ट्रासॉनिक क्लीनर यांनी ते तेल निघून भेगा उघड्या पडतात. कुंदनच्या दागिन्यात खड्याच्या मागे चमकीचा पातळ पत्रा असतो. पाणी आत गेलं की तो काळा पडतो. दोन्हींना ओलसर कापडच ठीक.

चांदी : इथे मळ वेगळा आहे

हुपरीचे पैंजण असोत की देवघरातलं निरांजन, चांदीवरचा काळा थर म्हणजे तेल नाही, सिल्व्हर सल्फाइड आहे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी चांदीची क्रिया होऊन तो बनतो. म्हणजे त्या थरात आपलीच चांदी अडकलेली असते! राखेने किंवा पावडरने घासलं, की थराबरोबर चांदीही गेली.

त्यापेक्षा वाडग्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, चांदी त्याला टेकवून ठेवा, वर गरम पाणी ओता आणि लिटरमागे एक-दोन चमचे खाण्याचा सोडा टाका. हा एक छोटा सेलच तयार होतो. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं, सिल्व्हर सल्फाइडमधली चांदी पुन्हा धातूरूपात वस्तूवरच राहते आणि गंधक सुटतं. सडक्या अंड्यासारखा वास येईल, म्हणून खिडकी उघडी ठेवा. काही मिनिटांत बाहेर काढून धुवा, कोरडं करा.

ही रीत फक्त साध्या, भरीव चांदीसाठी. मोती-खड्यांच्या, लाखेच्या आणि मुद्दाम काळ्या केलेल्या 'ऑक्सिडाइज्ड' दागिन्यांसाठी नाही. तो काळेपणा गेला की नक्षीच उठून दिसत नाही. ठेवताना चांदी हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. रबरबँड मात्र गुंडाळू नका, रबरात गंधक असतं.

लॅब, वर्कशॉप आणि दारावरचा पॉलिशवाला

थर्मामीटर फुटून पाऱ्याचा थेंब अंगठीला लागला, तर सोनं पांढरं पडतं. पारा सोन्यात मिसळून अमाल्गम होतो. असा दागिना घरी तापवून बघू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. लेथजवळ आणि इलेक्ट्रिकल पॅनेलजवळ अंगठी, कडं, साखळी नकोच. तिथे दागिन्याचं नव्हे, बोटाचं नुकसान होतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. दुपारी, घरी फक्त वडीलधारी माणसं असताना, 'दागिने पॉलिश करून देतो' म्हणणारा कोणी दारात आला, तर दागिना देऊ नका. सोनं विरघळवणारं आम्लराज म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल. अशा द्रावणात बांगड्या बुडवल्या, की त्या चकाकतात खऱ्या, पण त्यातलं सोनं त्याच्या भांड्यात राहतं आणि नंतर ते वेगळं काढता येतं. डोळ्यांना काही कळत नाही, तराजूला कळतं. ओळखीच्या सराफाकडे देतानासुद्धा आधी आणि नंतर वजन करून, पावतीवर लिहून घ्यावं. त्यात संकोच कसला?

थोडक्यात

भरीव सोनं आणि हिरा : कोमट साबणाचं पाणी, मऊ ब्रश.
लाखेचे दागिने, कुंदन, पाचू : फक्त ओलसर कापड.
मोती, पोवळं : ओलसर कापड, आंबट काहीही नाही.
साधी चांदी : फॉइल आणि सोडा.
मुलाम्याचे दागिने : घासणं पूर्ण बंद.
प्रत्येक दागिना वेगळ्या कापडी पिशवीत, कारण हिरा शेजारच्या सगळ्यांना ओरखडे काढतो.

या सुट्टीत घरच्या दागिन्यांची एक यादी करा : नाव, धातू, भरीव की पोकळ, वजन. वहीचं एक पान पुरेल. पुढच्या वर्षी डबी दुसऱ्या कोणाच्या हातात गेली, तरी कशाला काय लावायचं हे त्या पानावर असेल.