उधारीची वही

गावातील किंवा वस्तीतील किराणा दुकान हे बाजाराचे सर्वांत लहान, पण सामान्य माणसाच्या सर्वांत जवळचे रूप होय. शहरातील मोठ्या भांडारात वस्तूंची विविधता अधिक असते, मांडणी आकर्षक असते आणि पुष्कळदा किंमतही कमी असते. ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. तरीही असंख्य कुटुंबे रोजचा जिन्नस कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणतात. त्यामागे केवळ सवय नाही. ज्याच्या हाती मजुरी रोज पडते, त्याला महिन्याचा किराणा एकदम भरता येत नाही; त्याची खरेदी त्या दिवसाच्या कमाईएवढीच असते.

लहान दुकान ही अडचण ओळखते. तेथे पाव किलो साखर मिळते, दहा रुपयांचे शेंगदाणे मिळतात, एकच मेणबत्तीही मिळते. पूर्वी धान्य पायली, शेर, चिपटे अशा मापांनी मोजले जाई. १९५६ च्या कायद्याने किलोग्रॅम आणि लिटर आले, मापे बदलली. मात्र गिऱ्हाइकाच्या खिशाएवढा माल देण्याची रीत टिकली. शाम्पूच्या छोट्या पुड्या काढणाऱ्या कंपन्यांनी हे शहाणपण किराणा दुकानापासूनच घेतले, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्थात, थोडे थोडे घेणाऱ्यास किलोमागे अधिक पैसे मोजावे लागतात, हेही खरे. शिवाय सुट्या मालात भेसळीचा धोका असतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि त्यातून उद्भवलेल्या रोगाने साठांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारने सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर बंधने घातली. म्हणून डाळ किंवा गूळ सुटा घ्यावा. तेल मात्र बंद पिशवीतलेच घ्यावे.

या दुकानाचा खरा उपयोग कळतो तो हाती पैसे नसतात तेव्हा. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पुष्कळ घरांत मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही मुले. त्यांना तेलमीठ लागले, की गावातील दुकानदार देतो आणि वहीत लिहून ठेवतो. हिशेब होतो तो घरची माणसे परतल्यावर. मुकादमाकडून घेतलेली उचल मजुराला हंगामभर बांधून ठेवते. दुकानदाराची उधारी मात्र कोणाच्या श्रमावर हक्क सांगत नाही. ती ओळखीवर चालते. म्हणूनच परगावी नव्याने आलेल्या माणसास ती लगेच मिळत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी शब्द टाकावा लागतो.

२०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत सुरू झाली आणि लहान दुकानांतही चौकोनी ठिपक्यांचे फलक लागले. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु मोबाइलवरून सहसा खात्यात असलेलेच पैसे देता येतात. दुकानदार ते नसतानाही माल देतो. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि रोजंदारी थांबली. अत्यावश्यक सेवा म्हणून किराणा दुकाने उघडी राहिली. त्या काळात अनेक घरांची चूल वहीतल्या नोंदींवरच पेटली.

लहान दुकानात खर्च केलेला सगळाच पैसा गावात राहतो असे नव्हे. साबणाच्या वडीवर दुकानदाराला थोडासाच नफा सुटतो, बाकी रक्कम कंपनीकडे जाते. मात्र शेजारच्या शेतातील ज्वारी किंवा महिला बचत गटाचे पापड त्याच दुकानात विकले गेले, तर ते पैसे गावातच पुन्हा फिरतात.

या व्यवहारातील दुबळी जागा मात्र वहीच आहे. नोंद दुकानदार करतो आणि गिऱ्हाइकाला ती वाचता येत नसेल, तर सांगितलेला आकडा खरा मानण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. दुकानदार प्रामाणिक असला तरी गर्दीच्या वेळी चूक होऊ शकते. शिवाय देणे थकले, की त्याच दुकानाशी बांधून राहावे लागते आणि भावाबद्दल बोलण्याचा संकोच वाटतो. उधारीचे व्याज उघडपणे लावलेले नसले, तरी ते कधी कधी भावात मिसळलेले असते.

यासाठी घरी एक लहान वही असावी. माल घेतला त्याच दिवशी तारीख, जिन्नस, वजन आणि रक्कम तीत उतरवावी. घेतलेल्या मालाची रक्कम ‘नावे’ या बाजूस आणि दिलेले पैसे ‘जमा’ या बाजूस लिहावेत. नावे १०० रुपये आणि जमा ६० रुपये असतील, तर ४० रुपये ‘मागील बाकी’ म्हणून पुढच्या पानावर घ्यावेत. वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीहून अधिक रक्कम नोंदली गेली नाही ना, तेही पाहावे; तशी आकारणी कायद्याने करता येत नाही. रोख खरेदी असेल तेव्हा पावती मागण्यात संकोच नसावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

दिवाळीच्या पाडव्याला अनेक दुकानांत नवी वही सुरू होते आणि जुनी बाकी तिच्यात उतरवली जाते. त्या सुमारास आपली वही बरोबर न्यावी आणि दोन्ही आकडे दुकानदारासमोरच ताडून पाहावेत.