पिंपाएवढाच पूर

लोणावळ्यात तुंगार्लीला आमचं घर. हॉलमध्ये १०० लिटरची माशांची टाकी. दर रविवारी बादल्या वाहून कंबर धरायला लागली. वळवणला टाटांच्या केंद्रात महाशीरची पैदास करतात, तीही वाहत्या पाण्यात. म्हटलं, एका बाजूनं पाणी येतंय, दुसरीकडून जातंय, हे आपल्या हॉलमध्ये का नाही जमणार? त्या खटपटीत शिकलो ते असं.

१. टाकी थेट नळाला जोडू नका. मी जोडली होती, टायमरवाला व्हॉल्व्ह लावून. एका रात्री व्हॉल्व्हमध्ये खडा अडकला, तो मिटलाच नाही. त्यातच बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी गोगलगायी जमल्या होत्या. पहाटे चहाला उठलो तर पाय घोटाभर पाण्यात, आणि सोफ्याखाली दोन गप्पी. आता माळ्यावर ५० लिटरचं पिंप आहे. ते भरताना मात्र मी शेजारी उभा राहतो. काहीही बिघडलं तरी पूर पिंपाएवढाच.

२. बाहेरच्या वाटेला काचेला भोक पाडून टाकीचं निपल बसवलं, तोंडाला जाळी. भोक काचवाल्याकडूनच पाडून घ्या.

३. पवन मावळातले पॉलिहाऊसवाले गुलाबाला ठिबक वापरतात. त्यांच्या दुकानातून तासाला २ लिटरचा साधा ड्रिपर आणला. मापात तासभर धरला, तर जेमतेम ६०० मिली! दुकानदार हसला. ‘‘काका, २ लिटर हे एक किलो प्रेशरला. म्हणजे दहा मीटर उंचीवरून पाणी यायला हवं. तुमचा माळा केवढा?’’ माळा टाकीच्या वर मीटरभर. उंची दहावा हिस्सा झाली की धार साधारण एक तृतीयांशावर येते. मला तेवढीच पुरे होती: दिवसाला १४ लिटर, ना पंप, ना वीज. आषाढात इथे लाइट किती टिकते, ते सांगायला नको. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर मात्र घेऊ नका, इतक्या कमी दाबावर तो रुसतो.

४. आठवड्यात ९८ लिटर पडलं म्हणजे टाकी नवी झाली, असं नाही. नव्यात जुनं मिसळतं आणि दोन्ही मिळून बाहेर जातं. आठवड्यानंतरही ३७ टक्के जुनं उरतंच. बादलीच्या हिशेबानं ही उधळपट्टी आहे. पण माशांना एकदम अर्धं पाणी बदललेलं सोसत नाही, थेंबाथेंबानं बदललेलं कळतही नाही.

५. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी, त्यात टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास. पिंप भरलं की रात्रभर एअर स्टोन चालवतो, वास राहिलाच तर क्लोरीन मारायला हायपोचे दोन-चार खडे. ड्रिपरचा नळ त्यानंतरच उघडतो. एका श्रावणात हुशारी केली, फुकटचं म्हणून पागोळीचं पाणी पिंपात सोडलं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे टाकीतल्या आम्लाला आवरायला काही उरलं नाही. पीएच घसरला, मॉली पंख मिटून कोपऱ्यात बसल्या. तेव्हापासून पागोळीचं पाणी फक्त फरशी धुवायला.

६. बाहेर पडणारं पाणी परसात अळूला सोडलंय. माशांच्या विष्ठेतून तयार झालेलं नायट्रेट त्याला चांगलंच मानवलंय. पानं सुपाएवढी झालीत. शेजारच्या काकू आठवड्याला दोनदा येतात, टाकीकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि पदरात पानं घेऊन जाताना म्हणतात, ‘‘मासे वाढवा की हो अजून थोडे!’’