टॅबला लस टोचावी का?

मी इयत्ता चौथीत शिकते. या महिन्यात गुरुजींनी 'मला पडलेला प्रश्न' या विषयावर लिहायला सांगितले आहे. माझा प्रश्न खरे तर आमच्या आबांनी विचारलेला आहे.

त्याचे असे झाले. दिवाळीनंतर एका सोमवारी गावात जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी आमच्या दोन्ही गाईंना व खोंडाला लाळ्या-खुरकुताची लस टोचली. त्याच वेळी ताई अंगणात टॅब घेऊन बसली होती आणि चिडली होती. ती म्हणाली, "याला व्हायरस लागलाय." आबा म्हणाले, "मग डॉक्टर आलेच आहेत, त्यालाही एक सुई टोचून घ्या की!" सगळे हसले. डॉक्टरही हसले. मी मात्र हसले नाही, कारण टॅब कोणी बिघडवला ते मला ठाऊक होते.

ते पुढे सांगते. आधी व्हायरस म्हणजे काय ते सांगते.

संगणकातला व्हायरस म्हणजे जंतू नव्हे. तो माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम असतो, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. गुरुजींनी आमच्याकडून एक खेळ करून घेतला. तिसरी-चौथी मिळून आम्ही २९ मुले एका वर्गात बसतो. गुरुजींनी एकीला चिठ्ठी दिली. तीत लिहिले होते, 'या चिठ्ठीसारख्या दोन चिठ्ठ्या लिही आणि दोघांना दे.' तिने दोघांना दिल्या. त्या दोघांनी चौघांना, चौघांनी आठ जणांना दिल्या. चौथ्या फेरीत सोळा चिठ्ठ्या झाल्या, पण त्यांतल्या दोन घ्यायला कोणी उरलेच नाही! सगळा वर्ग चिठ्ठ्या लिहिण्यात गुंतला आणि पाढे राहून गेले. गुरुजी म्हणाले, "हाच व्हायरस. स्वतःच्या नकला करतो आणि दुसऱ्याचे काम बंद पाडतो."

आयबीएम पीसी जातीच्या संगणकांत पसरलेला पहिला व्हायरस १९८६ सालचा. त्याचे नाव ब्रेन. पाकिस्तानातल्या लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला. तेव्हा फ्लॉपी नावाची चकती असायची, तिच्यातून तो गावोगाव गेला. गंमत म्हणजे त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहिला होता. चोर कधी दारावर आपली पाटी लावून जातो का?

दुसरे दोन भाऊ आपल्या सातारा जिल्ह्यातले. कैलास काटकर दहावीनंतर नोकरीला लागले आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले. त्यांचे धाकटे भाऊ संजय संगणक शिकले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे, म्हणून संजय यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून पुढे क्विक हील ही कंपनी झाली. (मी ही जाहिरात करत नाही. दहावी शिकलेला माणूस कुठवर जातो ते मला आवडले म्हणून लिहिले.)

अशा प्रोग्रॅमला अँटीव्हायरस म्हणतात. तो पहारेकरी असतो. त्याच्याजवळ ओळखीच्या चोरांची यादी असते. रोज नवे चोर निघतात, म्हणून यादीही सारखी नवी करावी लागते. पहारेकऱ्याजवळ जुनी यादी असेल तर नवा चोर त्याला रामराम करून आत जातो.

आता माझी गोष्ट. शनिवारी दुपारी ताई झोपली होती. ती अकरावीला आहे, तिचा सगळा अभ्यास टॅबमध्ये असतो. मी तो हळूच घेतला आणि खेळ शोधू लागले. एकदम लाल पान उघडले. त्यावर लिहिले होते की या टॅबमध्ये १३ व्हायरस सापडले आहेत, दोन मिनिटांत सगळे पुसले जाईल, ताबडतोब हा अँटीव्हायरस घ्या. खाली आकडे उलटे पळत होते. मला घाम फुटला. मी बटण दाबले. टॅबने विचारले, अनोळखी ठिकाणचे ॲप आत घेऊ का? मी 'हो' दाबले. मग त्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. तीही दिली. हिरवी बरोबरची खूण आली आणि मला वाटलं, वाचवला बाई टॅब!

पण टॅब तव्यासारखा तापू लागला. ताईने काहीही उघडले की आधी जाहिरात यायची. मी दोन दिवस कोणाला सांगितले नाही. माझ्या पोटात गोळा आला होता, कारण नानांचा फोन साधा बटणांचा आहे आणि बँकेला दिलेल्या नंबरचे सिम टॅबमध्ये असते. खात्यात सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. मेसेज वाचायची परवानगी तर मीच दिली होती.

लस टोचली त्या रात्री मी आईला चुलीपाशी सांगितले. आईने नानांना सांगितले. ताईने लगेच नेट बंद केले आणि सिम काढले. नाना काहीच बोलले नाहीत. सकाळी पहिल्या एस.टी.ने पासबुक घेऊन तालुक्याला गेले. त्या दिवशी शाळेत माझे एकही गणित बरोबर आले नाही. दुपारी घरी गेले तर नाना ओट्यावर बसलेले. त्यांनी पासबुक उघडून मला शेवटची ओळ दाखवली. पैसे सगळे होते. मग म्हणाले, "जा, पाण्याचा तांब्या आण." एवढेच.

टॅब गुरुजींनी नीट केला. त्यांनी तो 'सेफ मोड'मध्ये चालू केला. तेव्हा बाहेरून आलेली ॲप झोपून राहतात. मग त्या ॲपला दिलेल्या परवानग्या काढल्या आणि ते पुसून टाकले. ताईने सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले.

गुरुजी म्हणाले, "तुझ्या टॅबला व्हायरस लागलाच नव्हता. तुझ्याकडे बहुरूपी आला होता." आपल्या गावात बहुरूपी फौजदाराचा वेश घालून येतो, दरडावतो आणि लहान मुले पळतात. तसेच हे ॲप पहारेकऱ्याचे सोंग घेऊन आले आणि मी त्याला घराची किल्ली दिली. आपला बहुरूपी निदान शेवटी हसून सांगतो आणि पसाभर धान्य घेऊन जातो.

अशी सोंगे पूर्वीही झाली आहेत. २०१४ साली व्हायरस शील्ड नावाचे ॲप प्ले स्टोअरवर आले होते. ते पैसे देऊन घ्यावे लागे आणि १०,००० हून जास्त लोकांनी ते घेतले. ते काय करत होते, माहीत आहे? फुलीचे चित्र बदलून बरोबरची खूण दाखवत होते. बाकी काही नाही! नंतर ते काढून टाकले. २०१९ साली ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थेने अँड्रॉइडची २५० अँटीव्हायरस ॲप तपासली. काहींनी सगळी वाईट ॲप ओळखली. पण शंभरातली तीसहून जास्त ओळखणारी फक्त ८० निघाली. आमच्या परीक्षेत पस्तीस गुण लागतात. तिथे तीसवर पास केले तरी १७० नापास.

मग टॅबला अँटीव्हायरस लागतो का? मला समजले ते असे. टॅबमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कोंडलेले असते. परवानगी दिल्याशिवाय ते दुसऱ्याच्या खोलीत जाऊ शकत नाही. त्यामुळे चिठ्ठीच्या खेळासारखा व्हायरस तिथे सहज पसरत नाही. पण बाहेरून घेतलेला अँटीव्हायरसही असाच एका खोलीत कोंडलेला असतो, त्यालाही सगळीकडे फिरता येत नाही. अँड्रॉइड टॅबमध्ये प्ले प्रोटेक्ट नावाचा पहारेकरी २०१७ पासून फुकट मिळतो. प्ले स्टोअर उघडा, कोपऱ्यातले आपले गोल चित्र दाबा, त्यात तो सापडतो. आयपॅडमध्ये तर संपूर्ण टॅब तपासणारा अँटीव्हायरस चालूच शकत नाही. आपल्या गावात आयपॅड कोणाकडे नाही, पण मुंबईचे पाहुणे आणतात म्हणून लिहिले. म्हणजे टॅबसाठी वेगळा विकत घ्यायची गरज नाही. पण दार आतून आपणच उघडले तर कोणताही पहारेकरी काय करणार?

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्हॉट्सॲपवर कधी लग्नपत्रिका येते, कधी गाडीच्या दंडाची पावती. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. २०२४ मध्ये पोलिसांनी अशा लग्नपत्रिकांपासून सावध राहायला सांगितले होते. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. पैसे गेलेच तर १९३० या नंबरला ताबडतोब फोन करावा. मी दोन दिवस थांबले तसे थांबू नये.

घरच्या संगणकाचे वेगळे आहे. तिथे खोल्या इतक्या पक्क्या नसतात आणि पेनड्राइव्ह कोणीही लावतो, म्हणून पहारेकरी पाहिजेच. पण विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा पहारेकरी आधीपासूनच असतो. घरच्या साध्या कामाला तो पुरतो, असे गुरुजी म्हणाले. मात्र विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. दुरुस्ती म्हणजे कुंपणाचे भोक बुजवणे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडमधल्या दवाखान्यांचे संगणकही बंद पडले. ते भोक बुजवायची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्या शेतात गुरे शिरली.

आमच्या शाळेचा संगणक त्याहून जुना आहे. त्यावर विकतचा अँटीव्हायरस होता, पण त्याची मुदत संपून दोन वर्षे झाली होती. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाचे फोटो पेनड्राइव्हमधून आणले. उघडले तर प्रत्येक फोल्डरवर छोटा बाण, आणि आत फोटोच नाहीत! मग त्या संगणकाला लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह तसाच होऊ लागला. अगदी चिठ्ठीचा खेळ. फोटो पुसले नव्हते, व्हायरसने लपवले होते, म्हणून परत मिळाले. माझा लावणीच्या पोशाखातला फोटोही मिळाला, तो या भित्तिपत्रकाच्या डाव्या कोपऱ्यात लावला आहे.

आबांनी परवा पुन्हा विचारले, "मग टोचली का सुई टॅबला?" मी म्हटले, "आबा, सुई टॅबला नको, मला पाहिजे होती." तर ते म्हणाले, "तुझे कान आधीच टोचलेत."

ज्यांच्या घरी टॅब आहे त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर तो शाळेत आणावा. गुरुजी आणि ताई तपासून देणार आहेत. चार्ज करून आणा, शाळेत दुपारी लाईट नसते.