काष्ठशिल्पी नाकाशिमा

सुताराच्या अंगणात तुम्ही कधी घटकाभर उभे राहिला असाल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानी आली असेल. भेग गेलेली फळी तो बाजूस टाकतो आणि तिची रवानगी बहुधा चुलीकडे होते. अशा फळ्यांना दिवाणखान्यात मानाचे स्थान मिळवून देणारा एक कारागीर अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव जॉर्ज नाकाशिमा.

नाकाशिमा यांचा जन्म १९०५ साली स्पोकेन या शहरी झाला. आईबाप जपानी. प्रथम वनशास्त्र आणि मग वास्तुशास्त्र शिकून ते टोकियोस अँटोनिन रेमंड या वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत काम करू लागले. रेमंड यांनी योजिलेल्या ‘गोलकोंड’ या आश्रमनिवासाच्या बांधकामासाठी १९३७ साली ते पुदुच्चेरीस आले. आले होते देखरेखीस. पण तेथील जीवनात ते इतके रमले की, वेतन सोडून साधक झाले. श्रीअरविंदांनी त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव दिले.

पुढे ते अमेरिकेस परतले आणि थोड्याच काळात अमेरिका-जपान युद्ध पेटले. १९४२ साली पत्नी व तान्ह्या मुलीसह त्यांना आयडाहोच्या ओसाड माळावरील छावणीत डांबण्यात आले. अपराध कोणता? आईबापांचा देश जपान, एवढाच! त्या छावणीत त्यांना गेंतारो हिकोगावा हा जपानी परंपरेत मुरलेला सुतार भेटला. हाताशी लाकूड म्हणजे टाकाऊ तुकडे आणि माळावरची झुडपे. पदवीधर नाकाशिमा या सुताराजवळ बसून करवत, पटाशी आणि रंधा चालविण्यास नव्याने शिकले.

१९४३ साली रेमंड यांच्या खटपटीने सुटका झाली. पेनसिल्व्हेनियातील न्यू होपजवळ रेमंड यांच्या शेतावर या वास्तुशिल्पज्ञाने काही काळ कोंबड्या राखल्या! मग तेथेच त्यांनी आपली कर्मशाळा उभारली. पैसा तुटपुंजा, म्हणून इतरांनी नाकारलेले गाठाळ, भेगाळ लाकूड ते आणीत.

ओले लाकूड वाळताना आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही; त्यामुळे त्यास तडे जातात. नाकाशिमा ही भेग लपवीत नसत. तिच्यावर आडवी खाच कोरून तीत ते डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा घट्ट बसवीत. त्याची दोन्ही टोके रुंद आणि कंबर बारीक असते, त्यामुळे फळीचे दोन्ही भाग अडकून राहतात आणि भेग पुढे सरकत नाही. फळीची कडाही ते रंध्याने सरळ करीत नसत. झाडाची मूळची वळणे मेजाच्या काठावर तशीच दिसत.

१९६४ साली त्यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी फर्निचरचे आराखडे केले. १९८४ साली एका प्रचंड अक्रोडाचे लाकूड हाती येताच, प्रत्येक खंडात शांततेसाठी एक मेज असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पहिले मेज १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या चर्चमध्ये ठेवले गेले. १९९० साली नाकाशिमा निवर्तले. छावणीत नेलेली ती तान्ही मुलगी, मीरा, हिने कर्मशाळा पुढे चालविली. १९९६ मध्ये असे एक मेज पुदुच्चेरीजवळील ऑरोविल येथे पोचले.