पिशवी काढायची का? थांब, आधी बोलू

"दोन मुलं झालीत ना, मग आता पिशवी ठेवून करायचंय काय?" हे ऐकून तू दवाखान्यातून घरी आलीस आणि तेव्हापासून तुझं कशात लक्ष नाही, हे मला कळतंय गं. पोळ्या लाटतानाही तेच, मुलीच्या वेण्या घालतानाही तेच. त्यात पुढच्या आठवड्यातली तारीख देऊन टाकलीय. तर पहिलं सांगते, आणि हे ऐकायचंच: ती तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. फोन कर आणि पुढे ढकल. तुझ्या अंगावरून जास्त जातंय, ओटीपोटात दुखतंय, जिना चढताना धाप लागते, हे सगळं खरं आहे आणि त्यावर इलाज व्हायलाच हवा. पण तासाला पॅड भिजतंय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येतेय, अशी वेळ नसेल तर विचार करायला काही दिवस नक्की मिळतात. तशी वेळ आली तर मात्र माझ्या फोनचीही वाट बघू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

खरं सांगू का, तुला ऑपरेशनची जेवढी भीती वाटतेय त्याहून जास्त त्या एका शब्दाची वाटतेय. "नाही काढली तर पुढे कॅन्सर होईल." बघ, गर्भाशयातल्या गाठी, म्हणजे तुझ्या रिपोर्टात लिहिलेले फायब्रॉईड, इतक्या जणींना असतात की चाळिशीच्या आसपासच्या बायकांची सोनोग्राफी केली तर कितीतरी जणींना ते निघतील. पुष्कळ जणींना त्यांचा काही त्रासही होत नाही. या गाठी कॅन्सरच्या नसतात आणि त्यांचा पुढे कॅन्सर होणं फार म्हणजे फारच दुर्मीळ. पाळी कायमची गेली की त्या बहुधा आपोआप आकसतात. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. तू आज 38 ची आहेस. मधली वर्षं औषधांवर नीट काढता येतील का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो तुला कुणी विचारूच दिलेला नाही.

तो रिपोर्ट काढ बरं. खालच्या दोन ओळी वाचून घाबरलीस, हो ना? आता वरून वाच. गाठीपुढे दोन-तीन आकडे असतात, मध्ये गुणाकाराची खूण. ते गाठीचं माप, सेंटिमीटरमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये. एकक आधी बघ, कारण 22 मिलिमीटर आणि 2.2 सेंटिमीटर एकच असलं तरी पहिला आकडा उगाच छाती दडपवतो. मग गाठ नेमकी कुठे आहे ते लिहिलेलं असतं. आतल्या अस्तराकडे झुकलेली छोटी गाठसुद्धा भरपूर रक्तस्राव करवते, आणि बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कधी कधी गप्प बसून असते. "बल्की" असा शब्द असेल तर पिशवी नेहमीपेक्षा थोडी मोठी दिसतेय एवढाच त्याचा अर्थ. तिथेच अस्तराची जाडीही दिलेली असते. हे तीन मुद्दे, माप, जागा आणि अस्तर, डॉक्टरांनी तुला बोट ठेवून समजावून सांगायला हवेत. समजलं नाही तर पुन्हा विचार. त्यात लाज कसली?

आजपासून आणखी एक काम कर. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाळीच्या प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या दिवशी किती पॅड लागले ते पेनाने लिही. रक्ताच्या गाठी पडल्या तर "गाठ" लिही, रात्री उठावं लागलं तर तेही. "फार जातं हो डॉक्टर" असं म्हटलं की समोरच्याला अंदाज येत नाही. चौकोन भरलेलं ते पान पुढे ठेवलं की बोलणं एकदम कामाचं होतं. घरात सासरे-दीर बघतील म्हणून अवघडू नकोस. आणि अवघडच वाटत असेल तर मागच्या पानाच्या कोपऱ्यात लिही, पण लिही.

आता तपासण्या. हिमोग्लोबिन केलंस का? बाईचं 12 च्या खाली असलं की रक्त कमी. तुझी धाप, तुझा चिडचिडेपणा, गळणाऱ्या केसांचा तो पुंजका, यातलं निम्मंअर्धं तिथूनच येत असेल. थायरॉईड केलंस का? थायरॉईड बिघडलं तरी पाळी बेताल होते, आणि एका गोळीने जे सुधारेल त्यासाठी अख्खा अवयव काढायचा, हे मला पटणार नाही. पॅप स्मिअर झालंय का? हे नसेल झालं तर तिशीपुढच्या बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. अस्तर जाड असेल, वजन जास्त असेल किंवा वय 45 च्या पुढे असेल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. कॅन्सर आहे की नाही याचं उत्तर त्या तुकड्याच्या रिपोर्टात मिळतं, कुणाच्या अंदाजात नाही. आणि नुसतं अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढायला सांगितलेल्या बायका मी पाहिल्यात. पांढऱ्या जाण्याला बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं औषध पुरतं गं!

औषधांचं म्हणशील तर आधी करून बघण्यासारखं बरंच आहे. पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांतच घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या आहेत, त्यांनी रक्तस्राव निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो. मात्र पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधी सांगायचं. हार्मोनच्या गोळ्या आहेत. आणि तांबीसारखीच दिसणारी, पण हार्मोन सोडणारी वस्तू पिशवीत बसवतात. तिने पहिले तीन-सहा महिने अधूनमधून डाग दिसतात आणि बायका कंटाळून काढून घ्यायला निघतात. तेवढा काळ तग धरला तर पुढे रक्तस्राव अगदी थोडा होतो, कित्येकींचा थांबतोच, आणि साधारण पाच वर्षं काम भागतं. माझ्या धाकट्या जावेने ती बसवलीय. तिसऱ्या महिन्यात ती माझ्याकडे रडत आली होती, सातव्या महिन्यात पांढरा सलवार-कमीज घालून लग्नाला आली. आतल्या बाजूची गाठ असेल तर कधी कधी पोटावर काप न देता दुर्बिणीने तेवढीच काढता येते. यातलं तुला काय लागू पडेल ते डॉक्टर सांगतील. पण "माझ्यासाठी यातलं काय काय करून बघता येईल?" हे तू विचारायचंस.

लोहाच्या गोळ्या मात्र आजच सुरू कर, डॉक्टरांना विचारून. चहासोबत घ्यायच्या नाहीत. लिंबूपाण्यासोबत घे. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. आणि आकडा वर आला की लगेच बंद करू नकोस, पुढे तीनेक महिने चालू ठेवायच्या असतात, म्हणजे शरीरातला साठा भरतो.

इथे थांबून एक गोष्ट नीट ऐक, कारण हीच कुणी समजावून सांगत नाही. पिशवी वेगळी आणि अंडाशय वेगळे. "सगळंच काढून टाकू, कटकट नको" असं म्हणताना अंडाशयही जातात, आणि 38 व्या वर्षी अंडाशय गेले की पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत दारात उभा राहतो. अंगातून वाफा, झोप नाही, आणि पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याची वेळ थोडी आधी येऊ शकते. म्हणून ऑपरेशन ठरलंच तर "अंडाशय ठेवणार का? नसाल तर का नाही?" हा प्रश्न कागदावर सगळ्यात वर लिहून ने.

आणि ते संमतीपत्र. छापील असतं, बारीक अक्षरात, आणि भरती होताना घाईघाईत पुढे सरकवतात. "इथे, इथे आणि इथे सही." मधल्या जागा कोऱ्या असतील तर सही करायची नाही. कोणतं ऑपरेशन, कशासाठी, पोटावरून की दुर्बिणीतून, काय काढणार, हे लिहिलेलं हवं आणि तुला कळणाऱ्या भाषेत हवं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर महत्त्वाचा निकाल दिला. एक बाई रक्तस्राव होतो म्हणून तपासणीला गेली, तिने संमती दिली होती ती दुर्बिणीच्या तपासणीची. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन पिशवी आणि अंडाशय दोन्ही काढले. न्यायालयाने सांगितलं, जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि बाई सज्ञान होती, त्यामुळे आईची संमती चालत नाही. म्हणजे बघ, आईची चालत नाही, तर नवऱ्याची किंवा सासूबाईंची कशी चालेल? त्यांच्याशी बोल, त्यांना सोबत घे. सही तुझी.

तुला वाटेल, ताई उगाच संशय घेतेय. चांगले डॉक्टर भरपूर आहेत आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. पण आपल्याच राज्यात काय झालं ते विसरता येत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली तेव्हा 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कोयत्यावर जाणाऱ्या बाईला पाळीत एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जायचे, फडात ना आडोसा ना पाणी, वर कॅन्सरची भीती घातलेली. त्या बायकांनी "निवड" केली असं कोण म्हणेल? मला आजही त्याचा संताप येतो. पुढे 2022 मध्ये केंद्र सरकारने गरज नसलेली ही ऑपरेशनं रोखायला मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू करायला राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली. तुझ्यापाशी पगार आहे, रजा आहे, वाचता येतं. मग विचारायला का कचरायचं?

दुसरं मत घ्यायचं म्हटलं की डॉक्टरांना राग येईल असं तुला वाटतंय. असं म्हण: "मॅडम, घरच्यांची इच्छा आहे एकदा आणखी कुणाला दाखवावं. मला रिपोर्टच्या प्रती हव्या आहेत." एवढंच. तो तुझा हक्क आहे. कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत द्यावीत असा डॉक्टरांसाठीचा नियमच आहे. दुसऱ्या डॉक्टर शक्यतो वेगळ्या दवाखान्यातल्या असू देत, आणि पहिल्यांनी काय सांगितलं ते सुरुवातीलाच बोलू नकोस. आधी त्यांना तपासू दे.

आणि हो, दोघींनी तपासून, औषधं करून, तरी काढावीच लागेल असं सांगितलं तर मग मागे हटायचं नाही. कॅन्सर निघाला, औषधांना दाद न देणाऱ्या मोठ्या गाठी असल्या, अंग बाहेर येत असलं तर हेच ऑपरेशन जीव वाचवतं, जगणं सुखाचं करतं. शेजारच्या वहिनींची गेल्या वर्षी काढली, दोन वर्षं औषधं करून झाल्यावर. आता त्या खुशाल फिरायला जातात. पण त्यानंतर सहाएक आठवडे पाण्याची कळशी, गव्हाचा डबा, धाकट्याला कडेवर घेणं, सगळं बंद. सासूबाईंना मी स्वतः सांगेन, ते माझ्याकडे लागलं.

आता दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकल. मग सगळे रिपोर्ट उजेडात ठेवून फोटो काढ आणि मला पाठव, सोनोग्राफीची दोन्ही पानं. हिमोग्लोबिन केलेलं नसेल तर उद्या कामावर जाताना लॅबमध्ये रक्त देऊन जा, आणि संध्याकाळी आकडा कळव.