मिठातून काय पाझरतं?

भाची: आत्या, ही मिठाची बरणी बघ. पावसाळा लागला नाही तोच पाणी सुटलं. आणि तू म्हणतेस, अमेरिकेत किरणोत्सारी कचरा मिठात पुरतात!

आत्या: बरणीतलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. जमिनीखालच्या मिठाला ही हवा लागतेच कुठे? न्यू मेक्सिकोत कार्ल्सबॅड गावाजवळ सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र आटून झालेला मिठाचा जाड थर आहे, सालाडो नावाचा. त्यातून गोडं पाणी वाहत असतं, तर तो एवढा काळ टिकलाच नसता. अण्वस्त्रनिर्मितीतला, प्लुटोनियमने दूषित झालेला कचरा १९९९पासून त्या थरात, साधारण ६५५ मीटर खोल, ठेवतात.

भाची: म्हणजे तिथलं मीठ ठणठणीत कोरडं.

आत्या: तेवढंही नाही. तिथे नवी दालनं खोदली, तेव्हा भिंतींवर जागोजागी लाह्यांसारखा पांढरा फुलोरा आला. मिठाच्या दाण्यांच्या बेचक्यांत जुन्या समुद्राचं पाणी अडकलेलं असतं. त्यात आणखी एक खडाही विरणार नाही, असं ते मिठवणी. दालन खोदलं की त्या बाजूचा दाब जातो आणि मिठवणी तिकडे सरकतं. हवेत पाणी उडून जातं, मीठ भिंतीवर राहतं. ते किती सहज सरकेल, हे ठरतं खडकाच्या पार्यतेवर.

भाची: पार्यता म्हणजे सच्छिद्रताच ना?

आत्या: नव्हे. छिद्रं किती आहेत ही सच्छिद्रता. ती एकमेकांना जोडून वाट किती मोकळी झाली आहे, ही पार्यता. तिचं एकक चौरस मीटर. तेल देणाऱ्या चांगल्या वालुकाश्मापेक्षा शुद्ध मिठाची पार्यता दहा कोटी पटींनी किंवा त्याहूनही कमी भरते. दशांश चिन्हापुढे वीस शून्यं आणि मग एक, एवढे चौरस मीटर.

भाची: हे आकडे डोक्यावरून गेले.

आत्या: मग असं धर. एक चौरस मीटरचा मिठाचा तुकडा घेतला आणि दर मीटरला दहा वातावरणांचा दाब लावून मिठवणी पलीकडे रेटलं, तर वर्षभरात चहाचे तीनेक चमचे जाईल.

भाची: वर्षाला तीन चमचे! ते मोजायचे कसे?

आत्या: वाहिलेलं पाणी मोजत बसत नाहीत, दाब मोजतात. दालनाच्या भिंतीत किंवा जमिनीत बोअर घ्यायचं. त्यात पॅकर, म्हणजे फुगवून घट्ट बसवायचं रबरी बूच, सरकवून तळाचा भाग बंद करायचा. आत मिठवणी भरायचं.

भाची: साधं पाणी का नाही?

आत्या: ते बोअरच्या भिंतीच विरघळवेल. आपण मोजायला गेलो खडक आणि मोजून आलो आपणच पाडलेलं खिंडार, असं व्हायचं. तर, बंद केल्यावर आतला दाब हळूहळू चढतो, कारण खडकातलं मिठवणी आत येऊ पाहतं. तो स्थिरावला की एकदम थोडं मिठवणी काढून दाब पाडायचा आणि तो परत किती वेळात चढतो ते बघत राहायचं. आठवडे, कधी महिने. दाबाच्या त्या चढत्या आलेखावरून पार्यता काढतात.

भाची: पण दाब दुसऱ्या कशाने चढला तर?

आत्या: सगळी मेहनत तिथेच आहे. बंद जागेतल्या मिठवण्याचं तापमान एका अंशाने वाढलं तरी दाब काही वातावरणांनी चढू शकतो. रबर, नळ्या दाबाखाली थोड्या ताणल्या जातात. शिवाय मीठ स्वतः वाहतं, अगदी मंद. वरच्या खडकाचं ओझं तिथे दीडशे वातावरणांच्या आसपास आहे, त्याने बोअर आपोआप आवळत जातं. म्हणून तिथे ही मोजमापं करणाऱ्या सँडिया प्रयोगशाळेच्या लोकांनी तीच उपकरणं आधी पोलादी नळीत बसवून तपासली. नळीतून तर काहीच पाझरत नाही, तेव्हा तिथे दाब हलला तो उपकरणाच्या खाती.

भाची: पण वायू सोडूनही मोजतात म्हणे. तो कशाला हवा? मिठवण्याने काम भागलं की.

आत्या: वायू वेगळी गोष्ट सांगतो. खोदकामाने भिंतीलगत केसासारख्या भेगा पडतात आणि त्यातलं पाणी निथळून जातं. तिथे कोरडा नायट्रोजन सोडला की तो झर्रकन पळतो. भिंतीपासून एक-दोन मीटर आत गेलं की तोच नायट्रोजन जवळजवळ अडतो. म्हणजे आपण खडकाला किती दुखावलं, ते वायू दाखवतो. शाबूत मिठाच्या छिद्रांत मिठवणी भरलेलं असतं. वायूला आत शिरायला आधी ते ढकलावं लागतं. ठरावीक दाब आल्याखेरीज ते हटत नाही.

भाची: मग वायूचा आकडा आणि मिठवण्याचा आकडा जुळणार कसा?

आत्या: तसाच्या तसा जुळतही नाही. अगदी अरुंद वाटेत वायूचे रेणू भिंतींना न चिकटता घसरत जातात, म्हणून पार्यता आहे त्याहून जास्त वाटते. क्लिंकेनबर्ग यांनी १९४१मध्ये हे मांडलं. म्हणून वेगवेगळ्या दाबांवर मोजून तो फरक वजा करतात.

भाची: आणि कचरा ठेवल्यावर हा वायू येणार कुठून?

आत्या: कचऱ्यातूनच. पिंपांचं पोलाद मिठवण्यात गंजलं की हायड्रोजन सुटतो, कागद-कापड जंतूंनी कुजवलं की आणखी वायू. आता सांग, मीठ अगदी हवाबंद असेल तर?

भाची: दाब वाढत जाईल. म्हणजे मीठ फार घट्ट असणंही त्रासाचंच?

आत्या: त्रासाचं होऊ शकतं. मात्र सालाडोत मिठाच्या मधूनमधून ॲनहायड्राइट नावाच्या खनिजाचे पातळ थर आहेत. त्यांची पार्यता मिठापेक्षा बरीच जास्त. वायू निघालाच, तर त्या वाटेने. म्हणून कचरा १०,००० वर्षं तिथेच राहील का, याचा हिशोब मांडताना एकच आकडा पुरत नाही. मिठाचा वेगळा, त्या थरांचा वेगळा, भेगाळलेल्या भिंतीचा वेगळा.

भाची: आणि कचरा नेण्यासाठी खणलेल्या विहिरी? सगळ्यात मोठी भोकं तर तीच.

आत्या: त्या बुजवायच्या आराखड्यात भरीचा मोठा भाग मिठाच्या चुऱ्याचाच आहे. चुऱ्यात थोडं पाणी मिसळायचं आणि ठासून भरायचं. भोवतालचं मीठ ते आवळत नेतं. ओलाव्यामुळे दाणे टोकांशी विरतात, शेजारच्या बेचक्यांत पुन्हा जमतात, आणि वर्षानुवर्षांनी चुरा अखंड खडकाच्या जवळ जातो.

भाची: थांब, बरणीच्या तळाशी हा दगड झालाय... चमचा वाजतोय त्याच्यावर.

आत्या: तेच ते. गेल्या पावसाळ्याचं असेल. फोडू नकोस, बरणी फुटेल. गरम पाणी आण.