दोन किल्ल्या

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. एक किल्ली अधिकाऱ्याकडे आणि दुसरी हेड कॅशियरकडे. एकट्याच्या किल्लीने तिजोरी उघडत नाही. बँकेच्या भाषेत याला जॉइंट कस्टडी म्हणतात. अधिकारी हुद्द्याने मोठा, पगाराने मोठा. हेड कॅशियर माझ्यासारखा क्लार्क. परंतु तिजोरीच्या दारापुढे दोघे सारखे. सकाळी दोघांनी मिळून उघडायची, संध्याकाळी दोघांनी रोकड मोजायची, शिल्लक वहीत दोघांनी सही करायची आणि दोघांनी मिळूनच बंद करायची. रक्कम कमी निघाली तर जबाबही दोघांनी द्यायचा.

एखाद्या कामाची धुरा दोघांनी मिळून वाहायची म्हणजे काय, हे मी या किल्लीवरून शिकलो, आणि तेही जरा उशिराच. संस्थेत अध्यक्ष व सचिव, शाळेत मुख्याध्यापक व पर्यवेक्षक, कार्यालयात साहेब व हेडक्लार्क अशा जोड्या ठायी ठायी असतात. आज शिकत असलेल्या आपल्या मुलामुलींनाही उद्या अशा कुठल्यातरी जोडीत उभे राहावे लागणार आहे. त्यांच्यासाठी म्हणून चार अनुभव सांगतो.

पहिली काही वर्षे ज्या अधिकाऱ्याबरोबर मी किल्ली सांभाळली ते मोठे दिलदार गृहस्थ होते. संध्याकाळ झाली की त्यांना लोकल गाठायची घाई. "तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तुम्ही मोजलंत म्हणजे मी मोजलं," असे म्हणून ते न मोजताच सही करीत. खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान वाटे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आजोबांनी गावकीची कामे करण्यात हयात घालवली. आणि आता लाखोंची तिजोरी नातवाच्या शब्दावर बंद होत होती. याचा आनंद कोणाला होणार नाही?

मग एके दिवशी पाचशेच्या नोटांच्या एका पॅकेटात वीस नोटा कमी निघाल्या. दहा हजार रुपये. वरून विचारणा झाली तेव्हा त्या गृहस्थांनी सांगितले, "मोजणी तेच करायचे." यात ते काही खोटे बोलले नाहीत. मोजणी मीच करीत होतो, आणि मी बरोबर मोजत होतो हे सांगू शकणारा माणूस मात्र जगात कोणी नव्हता. पैसे मी भरले. पण पैसे भरले म्हणून कुजबुज थांबत नसते. त्या आठवड्यात 'ही माणसं' असा शब्द मी पाठीमागून दोनदा ऐकला. घरी काही बोललो नाही.

त्यानंतर ज्या मॅडम आल्या त्या पहिल्याच संध्याकाळी बाही सावरून मोजायला बसल्या. मला ते लागले. चेहऱ्यावर दिसले असावे, कारण त्या म्हणाल्या, "संशय म्हणून नाही हो. उद्या तुम्हाला कोणी काही विचारलं, तर तुमच्या बाजूनं बोलायला माझ्याजवळ काहीतरी नको का?" आणि लगेच आपण मोजलेली पॅकेटे माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आता ही तुम्ही मोजा."

इतकी वर्षे मी ज्याला विश्वास समजत होतो ती दुसऱ्याची सोय होती, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. आणि मॅडम स्वतःचे मोजलेलेही मला तपासायला देत होत्या, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटली. वरच्याने खालच्याला तपासायचे ही रीत सगळीकडेच आहे. खालच्याला आपले काम तपासू देणारा वरचा क्वचित भेटतो.

तरीही आमची गाडी लगेच रुळावर आली असे नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० व १००० च्या नोटा बंद झाल्याचे जाहीर झाले. ९ तारखेला बँका ग्राहकांसाठी बंद होत्या. १० तारखेला दार उघडले तेव्हा रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली. जुन्या नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी माणशी ४,०००, १४ तारखेपासून ४,५००, मग १८ पासून २,०००, आणि २४ नंतर काउंटरवर बदलून देणेच बंद. नियम रोज वाचावा लागे. त्यातच तिजोरीत रोकड कमी. एका दुपारी मॅडमनी हॉलमध्ये लोकांना सांगितले, "प्रत्येकाला दोन हजारच मिळतील, म्हणजे सर्वांना पुरतील." त्याच वेळी मी काउंटरवर नियमाप्रमाणे चार हजार देत होतो. "तिथे एक आणि इथे एक?" म्हणून जो गोंधळ उठला तो आवरायला अर्धा तास गेला. कोणी म्हणाले, कॅशियर ओळखीच्यांना जास्त देतो. पुन्हा तेच!

मॅडम काउंटरशी आल्या. मला वाटले आता सर्वांसमोर बोलणार. त्या लोकांना म्हणाल्या, "मी यांना सांगायचं राहून गेलं. चूक माझी आहे. आता यापुढे सर्वांना दोन हजार." रात्री तिजोरी बंद करताना मात्र मलाही ऐकवले. रोकड संपत आली आहे हे मला तासभर आधी दिसत होते, ते मी त्यांना का कळवले नाही? माझ्याजवळ उत्तर नव्हते. कामाच्या रगाड्यात राहिले, एवढेच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिजोरी उघडल्यावर तिथेच पाच मिनिटे उभे राहू लागलो. आज किती रोकड आहे, कोणाला किती द्यायचे, नाही म्हणायची वेळ आली तर कोणी म्हणायचे. मतभेद होत, पण ते त्या दाराच्या आत. हॉलमध्ये शब्द एकच. आणि वाईट बातमी असेल तर ती दुसऱ्याला आधी सांगायची, बाहेरून कळण्यापूर्वी.

धम्माच्या वाचनात सारिपुत्त आणि महामोग्गल्लान या अग्रश्रावकांच्या जोडीशी मी बरेचदा थांबतो. उपतिस्स आणि कोलित हे दोघे मित्र. सत्याच्या शोधात घराबाहेर पडले तेव्हा त्यांचा करार होता की ज्याला आधी गवसेल त्याने दुसऱ्याला सांगायचे. राजगृहात अस्सजींकडून उपतिस्साला वाट सापडली, तेव्हा तो आधी मित्राकडे गेला. पुढे संघात त्यांची कामेही निराळी राहिली. तथागतांनी सारिपुत्ताला जन्म देणाऱ्या आईची आणि मोग्गल्लानाला वाढवणाऱ्या दाईची उपमा दिली आहे. आई मोठी की दाई, असा वाद त्या दोघांत झाल्याचे माझ्या वाचनात नाही. सांचीच्या तिसऱ्या स्तूपात १८५१ साली दोघांचे अस्थिकरंडक सापडले तेही एकत्रच.

आता थोडे आपल्या मंडळांविषयी. खाते उघडताना फॉर्मवर 'दोघांपैकी कोणीही एक' किंवा 'दोघांनी संयुक्तपणे' यांपैकी एक लिहावे लागते. संस्था बहुधा 'संयुक्तपणे' लिहितात आणि मग त्यातला एकजण दूर राहतो म्हणून अख्ख्या चेकबुकावर सह्या करून ठेवतो. काउंटरवर बसणाऱ्याला हे शाईवरून कळते. माझ्या माहितीतल्या एका मंडळात सचिव व कोषाध्यक्ष वीस वर्षांचे स्नेही होते. जयंतीच्या हिशेबावरून त्यांचे बोलणे तुटले. पैसा कोणीच खाल्ला नव्हता. पण मंडप आणि ध्वनिक्षेपकाचे पैसे कधी, कोणाला गेले हे सभेत विचारले, तेव्हा कोषाध्यक्षांना स्वतःच्या सहीचा चेक ओळखता आला, कारण सांगता आले नाही. सचिव बिचारे एकटेच बोलत राहिले, आणि एकट्याच्या बोलण्यावर सभेने किती विश्वास ठेवावा? माझे दहा हजार मला त्या वेळी आठवले.

मॅडमची बदली २०१९ मध्ये झाली. जाण्याच्या संध्याकाळी नव्या अधिकाऱ्यांना घेऊन आम्ही तिघांनी पूर्ण मोजणी केली, किल्ल्यांच्या रजिस्टरात तारीख, वेळ आणि सह्या झाल्या. मॅडमनी किल्ली दिली आणि स्टेशनकडे निघाल्या. नवे अधिकारी तरुण होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घड्याळाकडे पाहून विचारले, "हे सगळं रोज दोघांनी मोजायचं?"

मी "हो" म्हणालो, आणि पहिले बंडल त्यांच्यासमोर ठेवले.